भुकेची वकिली

रोमला बसून शेतकऱ्याची बाजू मांडायची ही परंपरा डेव्हिड लुबिन यांच्यापासून सुरू होते. पोलंडमध्ये जन्मलेल्या लुबिन यांनी कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोत दुकानदारीत जम बसवला, मग शेती केली. तिथे त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. जगभरात गहू किती पिकला हे बड्या व्यापाऱ्यांना आधी कळतं आणि शेतकऱ्याला कळेपर्यंत त्याचा माल विकून झालेला असतो. पिकांची खरी आकडेवारी सर्वांसाठी खुली हवी, म्हणून ते सरकारांचे उंबरठे झिजवत राहिले. अखेर इटलीच्या राजानं त्यांना साथ दिली. ७ जून १९०५ रोजी आंतरराष्ट्रीय कृषी संस्थेचा करार झाला. १९१९ साली निधन होईपर्यंत लुबिन तिथे अमेरिकेचे प्रतिनिधी होते.

त्या संस्थेचा वारसा पुढे १९४५ साली स्थापन झालेल्या अन्न व कृषी संघटनेकडे, म्हणजे एफएओकडे आला. कृषी इतिहास शिकवताना लुबिन यांच्यानंतर मी बिनय रंजन सेन यांच्याकडे वळतो. १९४३ चा बंगालचा दुष्काळ त्यांनी प्रशासनात राहून, अगदी जवळून पाहिला. पुढे ते रोममध्ये भारताचे राजदूत झाले आणि १९५६ ते १९६७ एफएओचे महासंचालक. विकसनशील देशातून त्या पदावर पोचलेले ते पहिलेच. १९६० साली त्यांनी 'भुकेपासून मुक्ती' मोहीम सुरू केली. १९६३ साली त्यासाठी अनेक देशांनी टपाल तिकिटं काढली. भारताचं पंधरा नव्या पैशांचं तिकीट माझ्या संग्रहात आहे. एफएओच्या बोधचिन्हाकडे झेपावणारे हात त्यावर आहेत. विद्यार्थ्यांच्या हाती ते देतो, तेव्हा वर्ग थोडा वेळ शांत होतो.

आज रोममधला भारताचा राजदूतच एफएओ, जागतिक अन्न कार्यक्रम आणि आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधी (आयफाड) या तिथल्या तिन्ही संस्थांमध्ये देशाची बाजू मांडतो. एफएओच्या परिषदेत देश लहान असो वा मोठा, मत एकच. पण बरंचसं काम मतदानाच्या आधीच होतं. मसुद्यातल्या ज्या शब्दांवर एकमत नसतं, ते चौकोनी कंसात ठेवतात आणि एकेक कंस सुटेपर्यंत बैठका चालतात. अन्नाच्या अधिकाराची मार्गदर्शक तत्त्वं अशाच दीर्घ वाटाघाटींतून २००४ साली मंजूर झाली.

मी बार्शी तालुक्यातल्या ज्वारी पिकवणाऱ्या घरातला. भारतानं मांडलेल्या आणि सत्तरहून अधिक देशांनी उचलून धरलेल्या प्रस्तावामुळे २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष ठरलं. आमच्या कोरडवाहू पिकाला जगाच्या व्यासपीठावर मान मिळाला, याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र त्या वर्षानं ज्वारीला आपोआप भाव मिळत नाही. तो मिळवायचा तर रोमला जाणाऱ्या माणसाला बाजार समितीतला लिलाव आणि कोरडवाहू शेतीचा हिशेब ठाऊक हवा. लुबिन शेतीतून गेले होते, सेन दुष्काळातून. त्यांच्या शब्दाला वजन आलं ते त्यामुळेच.