ऐंशीच्या घरात हाती कुंचला

राष्ट्रीय सेवा योजनेतून वृद्धाश्रमात चित्रकलेचा वर्ग घ्यायला जाणार असाल, तर आधी ऑस्ट्रेलियातील सॅली गाबोरी यांची हकिकत वाचा. त्यांचा जन्म १९२४ च्या सुमारास बेंटिंक बेटावर, कायाडिल्ट या आदिवासी समाजात झाला. १९४८ मध्ये वादळी लाटांमुळे बेटावरचे गोडे पाणी खारावले आणि लोकांना मॉर्निंग्टन बेटावरच्या मिशनमध्ये हलवण्यात आले. मिशनमध्ये मुलांची मातृभाषा सुटत गेली; बेटावर परतणे कित्येक दशके लांबले. २००५ साली, वयाच्या ऐंशीच्या घरात, गाबोरींनी तिथल्या कला केंद्रात प्रथमच कुंचला धरला. कायाडिल्टांत अशा चित्रांची परंपराच नव्हती, म्हणजे गिरवायला नमुनाही नव्हता. त्यांनी रंगवल्या त्या सुटलेल्या जागा: स्वतःचे जन्मस्थान, वडिलांची भूमी, नवऱ्याची भूमी. दहा वर्षांच्या आत सुमारे २००० चित्रे झाली!

आपल्याकडे आजी-आजोबांपुढे मोराची छापील आकृती ठेवून रंग भरायला सांगतात. ते बालवाडीत शोभते. तुम्ही कोरा कागद, जाड कुंचला आणि भरपूर रंग द्या. गावची विहीर कुठे होती, शेताकडे कोणत्या वाटेने जायचात, एवढेच विचारा. पहिल्या दिवशी काहीजण कागदाला हातही लावणार नाहीत. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा.