इंग्रजीच्या बाईंची मुलाखत

 आमच्या अलिबागच्या बचत गटांत डी.एड., बी.एड. झालेल्या बऱ्याच सुना-लेकी आहेत. बैठकीत हप्ता भरून झाला की विषय निघतो : इंग्रजी शिकवायची नोकरी कशी मिळते? मुलाखतीत काय विचारतात? म्हणून आज या नोकरीचा इतिहास बघू.

1848 मध्ये सावित्रीबाई फुले पुण्यात भिडेवाड्यात शिकवू लागल्या. त्यांनी आधी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं होतं. शिकवण्याआधी शिकायचं, ही रीत आपल्याकडे तेव्हापासूनची आहे.

पुढे कित्येक वर्षं मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे. त्यामुळे इंग्रजीचे शिक्षक म्हणजे हायस्कूलचे सर. 2000 साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून इंग्रजी आलं. मग वाडीवरच्या शाळेतली, सगळे विषय शिकवणारी बाईच इंग्रजीची बाई झाली. बायकांसाठी हा मोठा बदल होता.

पण नेमणूक कोण करणार? खासगी शाळांत ते काम संस्थेचं. 1977 चा सेवाशर्तींचा कायदा आणि 1981 ची नियमावली आली, तरी उमेदवार निवडायचा तो संस्थेनेच. टेबलापलीकडे पाच-सहा माणसं, अलीकडे एकटी मुलगी. "लग्न झालंय का? लहान मूल आहे का?" हे आधी, इंग्रजीचं नंतर. काही ठिकाणी देणगीची गोष्टही निघे. दागिने मोडून नोकरी घेतलेली घरं आपल्या ओळखीची आहेत.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी आली. महाराष्ट्रात ती 2013 पासून होते. दीडशे गुणांच्या या परीक्षेत भाषेचेही प्रश्न असतात. 2017 मध्ये अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल आलं. आता जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी मुलाखतच नाही. चाचणीच्या गुणांवर यादी लागते. खासगी अनुदानित संस्थांपुढे दोन वाटा आहेत : मुलाखतीशिवाय किंवा मुलाखतीसह. मुलाखत घ्यायची तरी उमेदवार पोर्टलच्या यादीतूनच येतात. कोळीवाड्यातल्या मुलीचे गुण आणि शहरातल्या मुलीचे गुण एकाच यादीत लागतात. ओळखीचा जोर तेवढा कमी झाला.

विनाअनुदानित इंग्रजी शाळांत मात्र जुनीच पद्धत चालते. तिथे मुलाखतीबरोबर वर्गात पाठ घ्यायला सांगतात. म्हणून घरी तयारी करा. चौथीच्या पुस्तकातला एक धडा घ्या, गटातल्या बायकांना मुलं समजून बसवा आणि दहा मिनिटं शिकवा. बाजार, होडी, मासळी, पांढरा कांदा हे शब्द इंग्रजीत वाक्यात आणा. उच्चार अडला तरी थांबू नका. मुलांना बोलतं करते ती चांगली बाई.

आणि तीन गोष्टी पक्क्या धरा. मूळ प्रमाणपत्रं कुणाकडे ठेवायची नाहीत, झेरॉक्स द्यायची. पगाराचा आकडा नेमणूकपत्रावर हवा. कोऱ्या कागदावर सही नाही. कुणी पैसे मागितले तर एकटीने ठरवू नका, गटात बोला. नोकरीसाठी गटातून कर्ज काढायचंच असेल तर ते फॉर्म, पुस्तकं आणि प्रवासासाठी काढा, देणगीसाठी नको.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने पाठाची तयारी करून यावं.