यात्रेकरूविना माहात्म्य

प्रवासी मार्गदर्शिकेला साहित्यात गणण्याची आपल्याकडे रीत नाही. प्रवासवर्णनाला वाङ्मयेतिहासात स्वतंत्र प्रकरण मिळते. मार्गदर्शिका रेल्वेच्या फलाटावरील दुकानातच राहते. वस्तुतः तिचे कूळ जुने आहे. पुराणांतील स्थलमाहात्म्ये हेच कार्य करीत असत: क्षेत्र कोठे आहे, स्नान केव्हा करावे, दर्शन कोणाचे घ्यावे आणि त्याचे फळ काय. दोन्हींतील क्रियापदे विध्यर्थी असतात, कारण दोन्हींचा श्रोता अद्याप त्या स्थळी पोचलेला नसतो. परंतु तो येऊच शकत नसेल, तर माहात्म्य कोणासाठी लिहावे? बोस्नियातील सारायेव्हो या शहराने हा प्रश्न वेढ्यात असताना हाताळला. त्याचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकांनी लक्षात घ्यावा असा आहे, असे आम्हांस वाटते.

८ ते १९ फेब्रुवारी १९८४ या काळात सारायेव्होत हिवाळी ऑलिंपिक झाले. वुच्को नावाचा हसरा लांडगा हे त्याचे बोधचिन्ह होते. भोवतालचे डोंगर हेच शहराचे मोठे आकर्षण ठरले. आठ वर्षांनी, एप्रिल १९९२ मध्ये, त्याच डोंगरांवर तोफा चढल्या. बोस्नियन सर्बांच्या फौजांनी घातलेला हा वेढा २९ फेब्रुवारी १९९६ पर्यंत टिकला. त्याच्या विसाव्या स्मरणदिनी, २०१२ साली, मुख्य रस्त्यावर ११,५४१ रिकाम्या लाल खुर्च्या मांडण्यात आल्या. मारल्या गेलेल्या प्रत्येकामागे एक.

अशा शहरातून १९९३ साली एक मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. ‘सारायेव्हो सर्व्हायव्हल गाईड’ हे तिचे नाव. फामा या गटाने ती काढली आणि मिरोस्लाव्ह प्र्स्तोयेविच हे तिच्या मुख्य लेखकांपैकी एक होते. मिशेलिनच्या प्रख्यात मार्गदर्शिकांचा साचा तिने जाणीवपूर्वक उचलला. हवामान, वाहतूक, खाणेपिणे, खरेदी, करमणूक अशी नेहमीचीच प्रकरणे. मजकूर मात्र वीज, पाणी, टेलिफोन आणि इंधन नसलेल्या गावाचा. मदतीत आलेल्या तांदळातून व डबाबंद जिनसांतून काय शिजवता येईल, पाणी कोठून आणावे, शेगडीत काय जाळावे हे सारे पाहुण्याला सांगावे तशा शांतपणे सांगितलेले. खेळांच्या यादीत धावणे येते, कारण बंदूकधाऱ्यांच्या टप्प्यातील चौक धावतच ओलांडावे लागत.

या पुस्तकाला निव्वळ विडंबन म्हणणे आम्हांस अपुरे वाटते. जगाच्या वृत्तपत्रांत तेव्हा सारायेव्होकर केवळ बळी म्हणून दिसत होते. मार्गदर्शिका लिहिणारा मात्र यजमान असतो. आपल्या गावात दाखवण्याजोगे काही आहे, हे तो गृहीत धरतो, आणि हा अधिकार या लेखकांनी सोडला नाही. त्रिओ या संकल्पनकार गटाने हेच चित्रांतून केले. कोकाकोलाच्या सर्वपरिचित अक्षरवळणात ‘एन्जॉय सारायेव्हो’ असे लिहून त्यांनी पोस्टकार्डे काढली. शहराचे मुख्य टपालघर २ मे १९९२ लाच जळून गेले होते. पत्र धाडण्याची सोय नसलेल्या गावाने चित्रपत्रे छापावीत, यातील उपरोध कोणाला उलगडून सांगावा लागत नव्हता.

ऑगस्ट १९९३ मध्ये सुझन सोन्टॅग यांनी तेथे मेणबत्त्यांच्या प्रकाशात ‘वेटिंग फॉर गोदो’ बसवले. त्यांनी पहिलाच अंक केला; दुसऱ्या अंकाची प्रतीक्षा शहर रोजच भोगत होते, असे म्हणावेसे वाटते. १९९५ साली, वेढा उठण्यापूर्वीच, चित्रपट महोत्सव सुरू झाला आणि तो आजतागायत चालू आहे.

पुढे पाहुणे खरोखरच परतले. १९९२ च्या ऑगस्टमध्ये आगीत लाखो ग्रंथांसह भस्मसात झालेले वियेच्नित्सा हे ग्रंथालयभवन २०१४ साली पुन्हा उघडले. त्रेबेविच डोंगरावर जाणारा रज्जुमार्ग २०१८ साली पुन्हा सुरू झाला. तथापि पाहुण्यांची पावले आणखी कोठे वळतात? विमानतळाच्या धावपट्टीखालून १९९३ साली खणलेल्या, सुमारे ८०० मीटर लांबीच्या भुयाराकडे. त्याचा उरलेला तुकडा आज संग्रहालयात दाखवला जातो. बंदूकधाऱ्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रस्त्याकडे. तोफगोळ्यांनी फुटलेल्या फरसबंदीत लाल राळ भरून जपलेल्या ‘गुलाबां’कडे. १९९३ साली उपरोधाने हाताळलेला मजकूर आज खरोखरच सहलीचा कार्यक्रम झाला आहे.

येथे आमचे मन द्विधा होते. भुयार दाखवणे हे स्मरणाचे कर्तव्य आहे आणि त्यावर अनेक घरांच्या चुली पेटतात. त्यास नाके मुरडण्याचा अधिकार बाहेरच्याला नाही. तरीही त्या मार्गदर्शिकेचा मूळ आग्रह आम्ही विसरू शकत नाही. वेढ्यातही तिने नाटक, वर्तमानपत्र, कॉफी, शेजारधर्म यांची नोंद ठेवली होती. गावाची ओळख त्यांतून व्हावी, अशी तिची इच्छा होती. आलेला पाहुणा मात्र प्रथम जखम कोठे आहे ते विचारतो.

स्थलमाहात्म्याच्या शेवटी फलश्रुती असते. या आधुनिक माहात्म्याला ती नाही. तिची जागा वाचकासाठी मोकळी आहे आणि ती भरण्यासाठी भुयार पाहून झाल्यावर त्याच दिवशी परतीचे वाहन न धरता, त्या गावात एक संध्याकाळ नुसते बसावे लागेल.