देवाजवळ बसण्याची मोकळीक : पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाची वाटचाल

पुण्यात शिवाजीनगरला ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम आहे. शंभर वर्षांत या आश्रमाचे गाव बदलले, नाव बदलले, तिथे राहणारी माणसेही बदलली. तरी एक ध्यास इथे पिढ्यान्‌पिढ्या जपला गेला. देवापुढे बसताना कोणालाही आपली भाषा, आपला सूर, आपली बसण्या-उठण्याची रीत दाराबाहेर ठेवावी लागू नये, हा तो ध्यास. मराठी ख्रिस्ती माणसाच्या उपासनेची गोष्ट सांगायची तर या आश्रमाला वळसा घालून जाता येत नाही.

आधीची पायवाट

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले. १८३१ मध्ये मिशनने अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ठाणे मांडले आणि १८४२ मध्ये तिथूनच 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघू लागले. मिशनऱ्यांनी मराठी मन लावून शिकून घेतली होती. उपासनेचा साचा मात्र ते घरून घेऊन आले होते. बाकांच्या रांगा, ठरलेला क्रम आणि परदेशी चालींत बसवलेली मराठी गीते. चालीच्या ठेक्यासाठी ऱ्हस्व अक्षरे लांबत आणि दीर्घ आखडत. लोक भक्तिभावाने गात, पण शेतात नि जात्यावर जो गळा आपसूक मोकळा होई, तो देवळात आल्यावर थोडा अवघडून जाई.

हे अवघडलेपण पहिल्यांदा मोडले ते कीर्तनाने. नगरचे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा रुजवली. येशूचे दृष्टान्त टाळ-वीणेच्या साथीने लोकांपर्यंत जाऊ लागले. पुढे १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि मराठी ख्रिस्ती भक्तीला तिचा कवी मिळाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे टिळक म्हणत. त्यांच्या अभंगांत ख्रिस्ताला आईसारखी, गुरूसारखी हाक मारलेली आहे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईही कीर्तन करीत. आज मराठी मंडळ्यांत 'उपासना संगीत' हे गीतपुस्तक उघडले की टिळकांची गीते पानोपानी भेटतात.

१९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी सेवा सोडली, साताऱ्याला जाऊन राहिले आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही ख्रिस्तभक्त या दरबारात एकत्र यावेत, असा त्यांचा मानस होता. दोन वर्षांतच, ९ मे १९१९ रोजी, टिळक गेले आणि दरबाराला हवा तो आकार यायचा राहून गेला.

नगरचा संघ

जॅक विन्स्लो हे अँग्लिकन धर्मगुरू १९१४ मध्ये हिंदुस्थानात आले. एक गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली. प्रभुभोजनात एका भाकरीचे वाटेकरी होणारे लोक उपासना संपली की वेगवेगळ्या वाटांनी जात. गोऱ्यांची वाट बंगल्याकडे जाई आणि इथल्यांची वस्तीकडे. वेदीपुढचा बंधुभाव जेवणाच्या पंगतीत दिसत नसेल तर प्रार्थनेत जवळीक यावी कुठून?

१९२२ साली त्यांनी काही भारतीय सोबत्यांसह अहमदनगरला 'ख्रिस्त सेवा संघ' स्थापन केला. एका छपराखाली राहायचे, खादी नेसायची, जमिनीवर बसून शाकाहारी जेवण जेवायचे आणि प्रार्थनेत भारतीय संगीत आणायचे, अशी राहणी ठरली. आश्रमाची कल्पना त्यांनी इथल्या मातीतून घेतली आणि जोडीला असीसीच्या संत फ्रान्सिसचा साधेपणा आणला. दुसऱ्याच वर्षी, १९२३ मध्ये, विन्स्लो यांचे टिळकांवरील इंग्रजी चरित्र प्रसिद्ध झाले. दरबाराचे स्वप्न ज्याने इतक्या आस्थेने समजून घेतले, त्याच माणसाच्या हातून संघ उभा राहिला.

उपासनेच्या मांडणीतही विन्स्लो यांनी हात घातला. अँग्लिकन मंडळ्यांत तेव्हा १६६२ च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकाची भाषांतरे वापरली जात. विन्स्लो आणि त्यांचे सहकारी पूर्वेकडच्या सिरियन परंपरेकडे वळले. ही परंपरा केरळच्या ख्रिस्ती लोकांनी शतकानुशतके जपलेली आहे आणि तिच्यात मंडळी धर्मगुरूला सतत प्रतिसाद देत असते. या अभ्यासाचे पुस्तक १९२० मध्ये निघाले आणि त्यातून घडलेली उपासनापद्धती पुढे 'बॉम्बे लिटर्जी' म्हणून ओळखली गेली.

काही जणांना हे उलटे वाटेल. मोकळी उपासना हवी होती तर छापील क्रम कशाला? पण आयत्या वेळी सुचेल ते बोलणे एवढाच मोकळेपणाचा अर्थ नाही. मनात शब्द नसतात अशा दिवशीही माणसाला प्रार्थना करता यायला हवी. ठरलेले शब्द अशा वेळी आधार देतात, आणि एकदा मन स्थिरावले की त्याच शब्दांतून स्वतःची प्रार्थना सुरू होते. वारकऱ्याला हरिपाठ पाठ असतो, म्हणून त्याच्या भक्तीतला जिव्हाळा कमी होत नाही.

पुण्यातली वर्षे

१९२७ मध्ये इंग्लंडहून नवे सदस्य आले. त्यांत व्हेरिअर एल्विन आणि अल्जी रॉबर्टसन होते. लवकरच संघ पुण्याला आला. तो काळ धामधुमीचा होता. एल्विन गांधीजींच्या जवळचे झाले आणि १९३० मध्ये त्यांनी ख्रिस्त आणि सत्याग्रह या विषयावर पुस्तक लिहिले. सरकारला हे रुचणारे नव्हते. ज्यांच्यावर राज्य करायचे त्यांच्यासोबत गुडघे टेकून नव्हे, तर मांडीला मांडी लावून प्रार्थना करणारा इंग्रज राज्यकर्त्यांच्या चौकटीत बसत नव्हता. पुढे एल्विन आणि संघातले त्यांचे मराठी सोबती शामराव हिवाळे मध्य प्रांतात गोंडांमध्ये राहायला गेले आणि एल्विन यांच्या आयुष्याने वेगळे वळण घेतले.

रॉबर्टसन प्रकृतीमुळे इंग्लंडला परतले, पण जाताना संघाची जीवनपद्धती सोबत घेऊन गेले. १९३७ मध्ये तिथे 'सोसायटी ऑफ सेंट फ्रान्सिस' उभी राहिली. आपली तत्त्वे तिने या मराठी मुलखातल्या संघाच्या नियमावरून घेतली. प्रार्थना, अभ्यास आणि काम या सेवेच्या तीन वाटा. नम्रता, प्रेम आणि आनंद या तीन खुणा. जगभरचे अँग्लिकन फ्रान्सिस्कन आजही ही तत्त्वे वाचतात. पश्चिमेकडून आलेल्या शिकवणीची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. नगर-पुण्याकडून पश्चिमेला गेलेली ही ठेव मात्र आपल्या मंडळ्यांतही फारशी कोणाला माहीत नाही, आणि ती माहीत व्हायला हवी.

१९३४ मध्ये संघात दोन वाटा झाल्या. ब्रह्मचर्याचे व्रत घेणाऱ्या सदस्यांचा 'ख्रिस्त प्रेम सेवा संघ' झाला. नावात 'प्रेम' आले ते तेव्हा. विन्स्लो इंग्लंडला परतले आणि धुरा विल्यम लॅश यांच्याकडे आली. हेच लॅश १९४७ मध्ये मुंबईचे बिशप झाले. स्वातंत्र्यानंतर परदेशी सदस्य कमी होत गेले आणि संघ हळूहळू ओसरला.

भगिनींचा आश्रम

दरम्यान ख्रिस्ती जगात मोठी उलथापालथ झाली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला आणि कॅथलिक मिस्सा लोकांच्या भाषेत होण्याचा मार्ग खुला झाला. १९६९ मध्ये भारतातील मिस्सासाठी काही स्थानिक रीतींना मान्यता मिळाली. जमिनीवर बसणे, हात जोडून नमस्कार, आरती, समई यांना वेदीजवळ जागा झाली. १९७० मध्ये नागपूरला 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन होऊन अनेक प्रोटेस्टंट पंथ एकत्र आले. मराठी मिशनच्या मंडळ्या आणि अँग्लिकन मंडळ्या आता एकाच घरच्या झाल्या.

या वातावरणात सत्तरच्या दशकाच्या आरंभी संघाची शिवाजीनगरची जागा पुन्हा नांदती झाली. कॅथलिक 'सेक्रेड हार्ट' संघाच्या आणि अँग्लिकन 'सेंट मेरी द व्हर्जिन' संघाच्या भगिनी तिथे एकत्र राहू लागल्या. मुंबईच्या पारशी घरात जन्मलेल्या वंदना माताजी आणि मूळच्या स्कॉटलंडच्या, मुंबईच्या सोफिया कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलेल्या सिस्टर सारा ग्रँट ही त्यांतली दोन ठळक नावे. सारा ग्रँट यांचा शांकर वेदान्ताचा गाढा अभ्यास होता आणि त्यातूनच त्यांची ख्रिस्तावरची श्रद्धा अधिक खोल गेली.

आता आश्रमाच्या प्रार्थनेत शुभवर्तमानासोबत उपनिषदेही वाचली जाऊ लागली. भजन, आरती, दीर्घ मौन असा दिनक्रम झाला. दोन पंथांच्या स्त्रियांनी एका घरात एकत्र प्रार्थना करावी, हे त्या काळी धाडसाचे होते. विहिरीवर शोमरोनी स्त्रीने येशूला विचारले होते की उपासना या डोंगरावर करायची की यरुशलेमेत. येशूने तिला जागेचे बंधन घातले नाही, आत्म्याने आणि खरेपणाने उपासना करायला सांगितले. शिवाजीनगरच्या भगिनी हे उत्तर रोज जगत होत्या.

कोणाचा सूर?

हा प्रवास गौरवाचा आहे. पण त्याच्या वाटेतला एक कठीण प्रश्न टाळला तर तो अपुरा राहील. महाराष्ट्रातले बहुसंख्य प्रोटेस्टंट ख्रिस्ती महार-मांग समाजांतून आले. संस्कृत मंत्र, ओंकार, भगवी वस्त्रे हे त्यांच्या घरचे धन कधीच नव्हते. उलट त्यांच्या पूर्वजांना त्यापासून दूर ठेवले गेले होते. १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात प्रा. अरविंद निर्मळ यांनी दलितांच्या अनुभवातून ईश्वरविद्या मांडण्याचा आग्रह धरला. त्यांच्या मांडणीने भारतीय ख्रिस्ती विचाराला खडा सवाल केला : 'भारतीय' म्हणताना आपण नेमके कोणाचे भारतीयत्व वेदीवर ठेवतो?

या सवालाने आश्रमाचे काम खोटे ठरत नाही, ते पुढे न्यावे लागते. विन्स्लो यांनी वर्णभेदाची भिंत ओलांडली, भगिनींनी पंथांची आणि धर्मांमधल्या परकेपणाची. जातीची भिंत ओलांडायची तर ढोलकी, संबळ, जात्यावरची ओवी यांनाही समईइतकाच मान द्यावा लागेल. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत ख्रिस्ती बायाबापड्या रात्री जागून येशूची भजने म्हणत आल्या आहेत. त्यांना उपासनेची मोकळीक कोणी बहाल केली नव्हती, ती त्यांच्या कंठातच होती.

पुढची पावले

या वाटचालीतून मला एक गोष्ट निःशंकपणे सांगावीशी वाटते. देवाशी जवळीक ही एकट्याच्या मनातली नुसती ऊर्मी नाही. शेजारी बसलेल्या माणसाला आपण किती जागा देतो, यावर ती उभी राहते. म्हणूनच प्रत्येक पिढीला स्वतःला विचारावे लागते की आपल्या देवळात अजून कोण अवघडून बसले आहे.

आज करण्याजोगी कामे समोर आहेत. गावोगावच्या मंडळ्यांतील भजने आणि ओव्या त्या म्हणणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या हयातीतच ध्वनिमुद्रित करून ठेवायला हव्यात. पाळक होणाऱ्या विद्यार्थ्यांना कीर्तन शिकवायला हवे. तरुण मुले गिटार आणि ड्रम घेऊन येतात, त्यांना दटावण्याऐवजी टिळकांचा अभंग त्यांच्या हाती द्यायला हवा. आणि महिन्यातला एखादा रविवार तरी बाके बाजूला सारून सगळी मंडळी, पाळकासकट, एका सतरंजीवर बसायला हवी. १९२२ मध्ये नगरला मूठभर माणसांनी एवढ्यानेच सुरुवात केली होती.