बारामती ते स्वरयंत्र

बारामती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे राजकारणच येतं. पण घशाच्या कॅन्सरच्या इतिहासातही या गावाचा एक धागा आहे. तो फारसा कुणाला ठाऊक नसतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

१८७३ च्या शेवटच्या दिवशी व्हिएन्नात थिओडोर बिलरोथने कॅन्सरच्या रुग्णाचं संपूर्ण स्वरयंत्र काढलं. जीव हवा तर आवाज द्यायचा, असा तो सौदा. पुढे रेडिएशन आलं. आपल्याकडे ‘शेक’ म्हणतात ते. लहान गाठी आवाज राखून बऱ्या होऊ लागल्या. पण काहींची गाठ परत येते. तिथे पुन्हा तेवढे शेक देता येत नाहीत, शेकलेल्या जागेची जखमही लवकर भरत नाही. मग सर्जन बहुधा बिलरोथच्याच वाटेने जात. जन्मभर वर्गात घसा फोडलेल्या माझ्यासारख्या मास्तराला त्या सौद्याची किंमत वेगळी सांगायला नको!

आता बारामती. १९३८ साली तिथे जन्मलेले कुमार पटेल पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून १९५८ मध्ये पदवी घेऊन अमेरिकेला गेले. १९६४ मध्ये बेल लॅब्समध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेसर बनवला. डोक्यात होतं ते वायूच्या रेणूंचं कंपन, कुणाचा घसा नव्हे. पण या लेसरचा किरण पाणी चटकन शोषून घेतं, आणि आपलं मांस म्हणजे बरंचसं पाणीच. त्यामुळे तो वरवर, नेमकं कापतो आणि बारीक रक्तवाहिन्या बंदही करतो. डोळ्यांना मात्र दिसत नाही. नेम धरायला सोबत तांबडा किरण सोडावा लागतो.

बोस्टनमध्ये स्ट्राँग आणि जाको यांनी तो तोंडावाटे, सूक्ष्मदर्शकाखाली स्वरयंत्रावर वापरला आणि १९७२ मध्ये ते प्रसिद्ध केलं. श्वासाच्या नळीतल्या प्राणवायूने पेट घेऊ नये म्हणून आजूबाजूला ओले बोळे ठेवायचे, ही काळजी आजही घेतात.

खरं धाडस जर्मन सर्जन वोल्फगांग स्टायनर यांचं. गाठीला सुरी लावायची नाही, ती अखंडच काढायची, हा जुना दंडक. त्यांनी लेसरने गाठच मधोमध कापली, किती खोल गेलीय ते पाहिलं आणि तुकड्यातुकड्याने काढली. निरोगी भाग जास्तीत जास्त राखला. शेकानंतर कॅन्सर परतलेल्या ३४ रुग्णांचा त्यांच्या गटाचा अहवाल २००४ मध्ये आला. सुमारे ७० टक्के रुग्ण लेसरनेच बरे झाले होते, काहींना तो एकाहून अधिक वेळा लागला. उरलेल्यांपैकी काहींचं स्वरयंत्र शेवटी काढावंच लागलं.