हिशेबाच्या वहीपासून भ्रमणध्वनीच्या पडद्यापर्यंत : बुलढाणा जिल्ह्यातील वित्तीय ग्राहकाच्या कायदेशीर संरक्षणाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

वित्तीय सेवेच्या ग्राहकाला कायद्याने दिलेल्या संरक्षणाचा विचार बहुधा मुंबईच्या संदर्भात होतो. रिझर्व्ह बँक, सेबी आणि मोठ्या खाजगी बँका तेथेच असल्याने ते स्वाभाविक आहे. परंतु कायद्याची खरी कसोटी मुख्यालयापासून दूर, तालुक्याच्या गावी लागते. या दृष्टीने बुलढाणा जिल्हा अभ्यासास विशेष उपयुक्त ठरतो. एकेकाळी वऱ्हाड प्रांताचा भाग असलेल्या या जिल्ह्यात खामगावसारखी कापसाची जुनी बाजारपेठ आहे. १८७० मध्ये जलंब-खामगाव हा लोहमार्ग झाला तो कापसासाठीच. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावे मुंबई-नागपूर लोहमार्गावर आहेत. उलट जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या बुलढाणा शहरास आजही रेल्वे नाही. जेथे आगगाडी पोहोचली नाही तेथे भ्रमणध्वनीवरील बँकसेवा मात्र पोहोचली, ही गोष्ट केवळ गमतीची नाही. सेवा पोहोचल्या त्या वेगाने तिच्याविरुद्ध दाद मागण्याची व्यवस्था पोहोचली काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

सावकारी आणि हिशेबाचा हक्क

वऱ्हाडातील कापूस उत्पादकाचे सावकाराशी असलेले नाते दोन कागदांवर उभे होते : गहाणखत आणि खातेवही. पहिल्यावर ऋणकोचा अंगठा असे, दुसरी धनकोच्या ताब्यात असे. आपण किती घेतले, किती फेडले आणि व्याज किती झाले हे ऋणकोला धनकोच्याच तोंडून कळत असे. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या १९३४ च्या सावकारी कायद्याने नेमक्या याच जागी बोट ठेवले. प्रत्येक ऋणकोचा स्वतंत्र हिशेब ठेवणे आणि दरवर्षी त्याचा सुवाच्य उतारा त्यास देणे सावकारावर बंधनकारक झाले. हे कर्तव्य न पाळणाऱ्यास व्याजाला मुकावे लागेल, अशी तरतूदही त्यात होती. त्याच्या आगेमागे, १९३३ चा ऋणसमेट कायदा आणि १९३९ चा ऋणनिवारण कायदा आले. कर्जाची रक्कम कमी करणे हा त्यांचा हेतू होता. १९३४ च्या कायद्याचा हेतू निराळा आणि अधिक मूलगामी होता. कर्ज घेणाऱ्यास माहितीचा हक्क आहे, हे तत्त्व त्याने मान्य केले.

या तत्त्वाचे नाते आजच्या काळाशी जोडता येते. भ्रमणध्वनीवरून काही मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपचा सुळसुळाट झाल्यावर रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ रोजी डिजिटल कर्जव्यवहारांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. कर्जाची रक्कम मध्यस्थाच्या खात्यातून न फिरता थेट ऋणकोच्या बँक खात्यात जावी, सर्व शुल्कांसह वार्षिक दर सांगणारे मुख्य तथ्यविवरण करारापूर्वी द्यावे, ठरावीक मुदतीत दंड न भरता कर्जातून बाहेर पडता यावे आणि ऋणकोच्या संपर्कयादीस हात लावू नये, असे त्यात बजावले होते. तथ्यविवरण म्हणजे १९३४ चा उताराच होय. फरक इतकाच की तो वर्षाअखेरीस न मिळता आधी मिळतो. मात्र जुना सावकार गावातच राहत असे, त्याचा वाडा ठाऊक असे. बनावट ॲपचा चालक कोठे आहे हे पोलिसांनाही सहजासहजी कळत नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ मध्ये विनापरवाना सावकारीस शिक्षा आहे आणि अवैध सावकारीत बळकावलेली स्थावर मालमत्ता परत करण्याचा अधिकार जिल्हा निबंधकास आहे. पण ज्या कर्जात गहाण टाकले जाते ते शेत नसून अब्रू असते, तेथे हा अधिकार तोकडा पडतो.

अकोल्याची बँक आणि ठेव विमा

ऋणकोच्या तुलनेत ठेवीदाराकडे कायद्याचे लक्ष उशिरा गेले, आणि जेव्हा गेले तेव्हा त्यामागे वऱ्हाडातील एक घटना होती. १९६० मध्ये केरळातील पलई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक या दोन बँका बुडाल्या. पलईची चर्चा अर्थशास्त्राच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत आढळते. शेजारच्या अकोल्याचे नाव मात्र विदर्भातील वर्गांतही क्वचितच घेतले जाते. या दोन बँकांच्या पतनानंतर संसदेने १९६१ मध्ये ठेव विमा महामंडळाचा कायदा संमत केला आणि १ जानेवारी १९६२ पासून तो अमलात आला. संरक्षणाची मर्यादा आरंभी दर ठेवीदारामागे केवळ १,५०० रुपये होती. ती टप्प्याटप्प्याने वाढत १९९३ मध्ये एक लाख झाली आणि त्यानंतर तब्बल २७ वर्षे तेथेच थांबली. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख करण्यात आली.

सहकारी बँका या विम्याच्या कक्षेत मागाहून आल्या. १९६८ च्या दुरुस्तीने तशी तरतूद झाली व १९७१ पासून ती प्रत्यक्षात उतरली. त्याआधी, १ मार्च १९६६ पासून, बँकिंग नियमन कायदा सहकारी बँकांस लागू झाला होता. परंतु अस्तित्वात असलेल्या बँकांना परवाना नाकारला जाईपर्यंत काम चालू ठेवण्याची मुभा मिळाली आणि ही तात्पुरती मुभा चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकली. वित्तीय क्षेत्राच्या मूल्यमापनासाठी नेमलेल्या, राकेश मोहन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००९ मध्ये शिफारस केली की २०१२ नंतर विनापरवाना सहकारी बँक असू नये. त्या मुदतीत नागपूर व वर्धा यांच्यासह बुलढाणा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकही अडली. २०१२ मध्ये तिच्यावर निर्बंध आले आणि शासकीय अर्थसाह्याशिवाय तिला परवान्याची वाट खुली झाली नाही. येथे एक बाब नोंदवली पाहिजे. ज्या बँकेत शिक्षकाचा पगार, शेतकऱ्याचे पीककर्ज आणि गावसोसायटीचा निधी एकत्र येत होता, ती बँक परवान्याविना चालते हे ठेवीदारास सांगण्याचे बंधन कोणावरच नव्हते. माहितीचा जो हक्क ऋणकोला १९३४ मध्ये मिळाला, तो ठेवीदारास तेवढ्या स्पष्टपणे कधीच मिळाला नाही.

पतसंस्था : विम्याबाहेरचा ठेवीदार

जिल्ह्याच्या अर्थजीवनात पतसंस्थांचे स्थान मोठे आहे. १९८६ मध्ये राधेश्याम चांडक यांच्या पुढाकाराने सुरू झालेली बुलढाणा अर्बन ही पतसंस्था पुढे बहुराज्य झाली आणि सहकारी पतसंस्थांमध्ये देशातील अग्रगण्य संस्था म्हणून ओळखली गेली. शेतमाल गोदामात ठेवून त्याच्या पावतीवर कर्ज देण्याच्या तिच्या पद्धतीचीही वाखाणणी झाली. लहानमोठ्या अन्य पतसंस्था तालुक्यातालुक्यांत उभ्या राहिल्या. बँकेच्या दारात ज्याला तासभर उभे राहावे लागे, त्याला पतसंस्थेत नावाने हाक मारली जात असे. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

परंतु पतसंस्थेतील ठेवीस ठेव विमा महामंडळाचे संरक्षण नाही. कायद्याच्या दृष्टीने पतसंस्था बँक नव्हे आणि तिचा ठेवीदार हा आधी सभासद असतो. ही सीमारेषा पूर्वी पाटीवरून तरी दिसत असे. गाभा बँकिंग प्रणाली, लघुसंदेश आणि ॲप आल्यावर ती पुसट झाली. बँकेचा आणि पतसंस्थेचा पडदा ग्राहकाच्या हातात सारखाच दिसतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर सहकारी संस्थांना नावात 'बँक' हा शब्द वापरता येत नाही आणि त्यांच्या ठेवींना विमा नाही, असा इशारा रिझर्व्ह बँकेने २२ नोव्हेंबर २०२१ रोजी प्रसिद्धीपत्रकाने दिला. प्रसिद्धीपत्रक वाचून ठेव ठेवणारा ठेवीदार विरळाच.

पतसंस्थेच्या ठेवीदारास मग कोणते मार्ग उरतात? पहिला ग्राहक संरक्षण कायद्याचा. सहकार कायद्यात वाद सोडविण्याची स्वतंत्र यंत्रणा असल्याने सभासदास ग्राहक मंचाकडे जाता येत नाही, असा युक्तिवाद दीर्घकाळ केला जाई. तिरुमुरुगन सहकारी पतसंस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००३ मध्ये तो फेटाळला. त्या खटल्यातील सभासदांनी भाताची पोती तारण ठेवून कर्ज घेतले होते. गोदामपावतीवर कर्ज काढणाऱ्या बुलढाण्यातील शेतकऱ्यास ही परिस्थिती अनोळखी वाटणार नाही. ग्राहक कायद्याचा उपाय इतर उपायांना पूरक आहे, असे न्यायालयाने ठरविले. परंतु हुकूम मिळणे आणि रक्कम मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संस्थेची तिजोरी रिकामी असेल तर संचालकांकडून वसुली करता येईल काय, या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१० मध्ये निर्णय दिला की सहकार कायद्याच्या कलम ८८ खाली चौकशी होऊन जबाबदारी निश्चित झाल्याविना ग्राहक मंचाने संचालकांस व्यक्तिशः जबाबदार धरू नये. कायद्याच्या तर्काने हे समजण्यासारखे आहे. ठेवीदाराच्या बाजूने पाहता मात्र त्याच्या दाव्याची किल्ली पुन्हा सहकार खात्याच्याच हाती गेली.

दुसरा मार्ग महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, १९९९ चा. वित्तीय संस्थेची मालमत्ता जप्त करून विशेष न्यायालयामार्फत तिच्या विक्रीतून ठेवी परत करण्याची तरतूद त्यात आहे. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हा कायदा घटनाबाह्य ठरविला होता. तमिळनाडूतील तशाच कायद्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये त्या निर्णयाशी असहमती दर्शविली आणि २०१२ मध्ये महाराष्ट्राचा कायदाही वैध ठरला. शेजारच्या जळगावातील भाईचंद हिराचंद रायसोनी बहुराज्य पतसंस्थेच्या प्रकरणात हा कायदा वापरण्यात आला. त्या अनुभवातून दिसते ते असे की जप्ती लवकर होते, मालमत्तेचे मूल्यांकन आणि लिलाव मात्र वर्षानुवर्षे रेंगाळतात. बहुराज्य संस्थांसाठी २०२३ च्या दुरुस्तीने सहकार लोकपालाची तरतूद केली. ठेव परत देण्याची हमी मात्र तीतही नाही.

मलकापूर, २०२१-२०२३

वरील इशाऱ्यानंतर दोनच दिवसांनी, २४ नोव्हेंबर २०२१ रोजी, रिझर्व्ह बँकेने मलकापूर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध लादले. खात्यातून जास्तीत जास्त १०,००० रुपये काढण्याची मुभा राहिली. ५ जुलै २०२३ रोजी बँकेचा परवाना रद्द झाला. पुरेसे भांडवल व उत्पन्नाची शक्यता नाही, हे कारण देण्यात आले.

या प्रकरणाचे ऐतिहासिक महत्त्व त्याच्या वेळेत आहे. पूर्वी विम्याची रक्कम बँक अवसायनात गेल्यावरच मिळत असे. निर्बंधांखाली तिचे काम कितीही वर्षे लोंबकळत राहिले तरी ठेवीदार थांबत असे. २०२१ च्या दुरुस्तीने कलम १८-अ आले आणि १ सप्टेंबर २०२१ पासून लागू झाले. निर्बंध लागल्यापासून ४५ दिवसांत बँकेने दाव्यांची यादी द्यावी, पुढील ३० दिवसांत महामंडळाने ती तपासावी आणि त्यापुढील १५ दिवसांत रक्कम द्यावी, असे नव्वद दिवसांचे वेळापत्रक त्यात आहे. मलकापूरवर निर्बंध आले ते यानंतर तीन महिन्यांच्या आत. परवाना रद्द करताना रिझर्व्ह बँकेने नमूद केले की ९७.६० टक्के ठेवीदार पूर्ण रक्कम मिळण्यास पात्र आहेत आणि ४९६.९८ कोटी रुपये आधीच देण्यात आले आहेत. हेच संकट वर्षभर आधी कोसळले असते तर यांतील अनेकांना अनिश्चित काळ वाट पाहावी लागली असती.

उरलेल्या २.४० टक्क्यांचा विचार आकड्याच्या लहानपणामुळे टाळता येत नाही. विम्याच्या हिशेबात संस्था ही एकच ठेवीदार गणली जाते. पतसंस्था आपला निधी नागरी वा जिल्हा बँकेत ठेवते तेव्हा तिच्यामागे शेकडो सभासद असले तरी संरक्षण पाच लाखांचेच. सभासदांच्या ठेवीस स्वतंत्र विमा नाही आणि त्यांच्या संस्थेच्या ठेवीस आहे तो एका व्यक्तीएवढा. एका बँकेचे पतन अशा रीतीने विमा नसलेल्या घरांपर्यंत पोहोचते आणि टक्केवारीत ते दिसत नाही.

पडद्यावरची फसवणूक आणि दाद

एकीकृत पेमेंट प्रणाली २०१६ मध्ये सुरू झाली. त्यानंतर संस्था बुडाल्याविनाही ग्राहकाचे पैसे जाऊ लागले. अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी मर्यादित करणारे परिपत्रक रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते सहकारी बँकांनाही लागू केले. दोष बँकेचा वा ग्राहकाचा नसून तिसऱ्याचा असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार झाली, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य; ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याचा भार बँकेवर. पलभ भौमिक यांच्या प्रकरणात ९४,२०४ रुपयांसाठी ग्राहक स्टेट बँकेविरुद्ध लढला आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूचा निर्णय कायम ठेवला. रक्कम लहान, लढा मोठा. पतसंस्थेचा ग्राहक या परिपत्रकाच्या कक्षेबाहेर होता, हे वेगळे सांगावयास नको. शिवाय ग्राहकाने स्वतःच संकेतांक सांगितला असेल तर दोष त्याचाच, असा बँकांचा पवित्रा असतो. घाबरवून, पोलीस असल्याची बतावणी करून काढून घेतलेली संमती ही संमती मानावी काय, हा प्रश्न करार कायद्यात जुना असूनही बँक व्यवहारात अनुत्तरित आहे.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली पाच कोटींपर्यंतच्या भरपाईचे दावे न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे चालतात. राज्यात ते पद माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सचिवाकडे, म्हणजे मंत्रालयात असते. देऊळगाव राजा वा संग्रामपूर येथील तक्रारदारास मुंबई चारशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. या तुलनेत ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने अधिक व्यावहारिक बदल केला. तक्रारदार जेथे राहतो वा काम करतो तेथील जिल्हा आयोगातही आता तक्रार करता येते. बंगळुरू वा गुरुग्राम येथील कंपनीस बुलढाण्याच्या आयोगापुढे उत्तर द्यावे लागते. गुंतवणूकदाराच्या वाटेत मात्र 'व्यापारी प्रयोजन' हा अपवाद उभा आहे. नियमित शेअर व्यवहार करणारा ग्राहक नव्हे, अशी भूमिका आयोगांनी अनेकदा घेतली असून अशा व्यक्तीस सेबीच्या तक्रार निवारण प्रणालीकडे वळावे लागते.

फसवणूक झाल्यावर पहिल्या तासांत १९३० या क्रमांकावर तक्रार केल्यास रक्कम पुढे सरकण्याआधी गोठविता येते. गोठविलेली रक्कम परत मिळण्यासाठी अनेकदा पुन्हा न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, आणि तो अर्ज मराठीत कसा लिहावा हे सांगणारा माणूस तालुक्याच्या गावी अजून बहुधा वकीलच असतो.