आघातोत्तर तणाव विकार : संशोधनाच्या बदलत्या प्रवाहांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
युद्ध, अत्याचार वा भूकंप यांसारख्या भीषण अनुभवानंतर काही व्यक्तींना दुःस्वप्ने पडतात, तोच प्रसंग पुनःपुन्हा डोळ्यांपुढे उभा राहतो आणि मन अखंड सावध राहते. या अवस्थेस मानसशास्त्रात 'आघातोत्तर तणाव विकार' म्हणतात. या विकाराचे मूळ व्यक्तीत की घटनेत, या प्रश्नाचे उत्तर संशोधनात कसकसे बदलत गेले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. सैनिकाकडे रोखलेली दृष्टी :
अमेरिकन यादवी युद्धातील सैनिकांची धडधड व छातीदुखी अभ्यासून जेकब दा कोस्टा यांनी १८७१ मध्ये 'इरिटेबल हार्ट' या विकाराचे वर्णन केले. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात 'शेल शॉक' ही संज्ञा वापरली. तोफगोळ्याच्या स्फोटाने मज्जासंस्थेस इजा होते, असा प्रारंभीचा समज होता. परंतु स्फोटापासून दूर असलेल्या सैनिकांतही तीच लक्षणे आढळली, तेव्हा संशय त्यांच्या मनोधैर्यावर घेतला जाऊ लागला. पलायन, भ्याडपणा आदी आरोपांखाली ब्रिटिश लष्कराने त्या युद्धात देहदंड दिलेल्या ३०६ सैनिकांना २००६ मध्ये मरणोत्तर क्षमा मिळाली. त्यांपैकी काही जण आघातग्रस्त असावेत, असे आज मानले जाते. निदानाची चौकट किती निर्णायक ठरते, हे यावरून ध्यानात येते.

२. घटनेचा स्वीकार :
अमेरिकन मनोविकार संघटनेच्या १९५२ च्या निदानपुस्तिकेत तीव्र तणाव-प्रतिक्रियेची नोंद होती. १९६८ च्या आवृत्तीत, म्हणजे व्हिएतनाम युद्ध ऐन भरात असताना, ती वगळण्यात आली. पुढे परतलेल्या सैनिकांच्या चळवळीने हा प्रश्न ऐरणीवर आणला. १९७४ मध्ये बर्जेस व होल्मस्ट्रॉम यांनी बलात्कारपीडित स्त्रियांतील आघाताची लक्षणे मांडली. रणांगण आणि घर यांतील दुःखाचे साम्य त्यामुळे पुढे आले. १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत हा विकार प्रथमच स्वतंत्र नावाने समाविष्ट झाला. 'सामान्य मानवी अनुभवाबाहेरील घटना' हे त्याचे कारण मानले गेले.

३. पुन्हा व्यक्तीकडे, पण वेगळ्या दृष्टीने :
ही अट १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत गळाली. केसलर व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकन पाहणीत ६०.७ टक्के पुरुषांनी व ५१.२ टक्के स्त्रियांनी आयुष्यात किमान एक आघातकारी घटना अनुभवल्याचे आढळले; मात्र आयुष्यात कधीतरी हा विकार जडल्याचे प्रमाण पुरुषांत ५ व स्त्रियांत १०.४ टक्के होते. आघात सार्वत्रिक असूनही विकार मोजक्यांनाच का होतो, हा प्रश्न त्यामुळे केंद्रस्थानी आला आणि मेंदू, आनुवंशिकता व सामाजिक आधार यांवरील अभ्यास वाढले. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत हा विकार चिंताविकारांच्या गटातून काढून आघातजन्य विकारांच्या स्वतंत्र गटात ठेवला गेला. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात दीर्घकालीन छळातून उद्भवणाऱ्या जटिल प्रकारासही स्थान मिळाले.

समारोप :
संशोधनाची दृष्टी व्यक्तीकडून घटनेकडे आणि तेथून दोहोंच्या संबंधाकडे वळली. हे वळण केवळ प्रयोगशाळेत घडले नाही. ज्यांचे दुःख समाजाने ऐकून घेतले, त्यांच्यामुळेच व्याख्या रुंदावली. मात्र ती प्रामुख्याने पाश्चात्त्य अनुभवांतून घडलेली आहे. किल्लारीसारख्या भूकंपाने (१९९३) उद्ध्वस्त झालेल्या कुटुंबांना ती लावताना त्यांची स्वतःची भाषा आणि दुःख व्यक्त करण्याची रीत लक्षात घेणे अगत्याचे ठरते.